दोन जिवांची

तासाला 12 जनावरं, दिवसाला 96. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्याखाली केंद्र सरकारनं 2001 साली कत्तलखान्यांसाठी नियम केले. एका पशुवैद्यानं यापेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. म्हणजे एका जनावराच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. तेवढ्यात डॉक्टरनं अंगातला ताप बघायचा, डोळे-नाकपुड्या बघायच्या, लंगडतंय का ते बघायचं, दातांवरून वय ठरवायचं आणि मादी असेल तर ती दोन जिवांची तर नाही ना, याचाही निकाल द्यायचा. कारण याच नियमांनुसार गाभण जनावर कापता येत नाही. जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे ती मादी कापता येत नाही, आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लूही कापता येत नाही.

म्हशीच्या बाबतीत हा निकाल हातानं लागतो. डॉक्टर खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा चढवतो, तो ओला-बुळबुळीत करून घेतो, कुणाला तरी शेपटी बाजूला धरायला सांगतो आणि हात मागून आत घालतो. आधी शेण उपसून काढावं लागतं. मग आतड्याच्या पातळ पडद्याआडून खालचं गर्भाशय चाचपायचं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगीर लागतं आणि आत पाणी असल्याचं बोटांना समजतं. पुढं गर्भाशय जड होऊन पोटात खाली उतरतं. तेव्हा वार जिथं चिकटलेली असते त्या गाठी सुपारीएवढ्या हाताला लागतात, आणि गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी नुसती ठोके देत नाही, बोटाखाली सारखी झिणझिणत राहते. मुरलेल्या हाताला हे ओळखायला दोन मिनिटंही पुरतात. नवख्याला पाचही पुरत नाहीत. शेळी-मेंढीत तर हा रस्ताच बंद, कारण हात जाण्याइतकी जागाच नसते. तिथं सोनोग्राफी हवी, नाहीतर पोट दिसू लागेपर्यंत थांबायला हवं.

या नियमाचा विचार करताना माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की होत गेली. गाभण मादी कापू नये हे म्हणणं बरोबर आहे, फार जुनं आहे, आणि माणसाच्या शहाणपणाच्या मोजक्या ठेव्यांपैकी एक आहे. पण आपला कायदा ते म्हणण्यासाठी जिथं उभा राहतो ती जागा चुकलेली आहे.

हे म्हणणं किती जुनं आहे ते आधी पाहू. दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या उंच चौथऱ्यावर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकानं चौदाव्या शतकात तो हरियाणातल्या टोपऱ्याहून आणवला. त्यावरच्या लेखांपैकी पाचवा लेख प्राण्यांविषयी आहे. राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी 243च्या सुमारास, तो कोरला गेला. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव अशी अवध्य जिवांची मोठी यादी त्यात येते आणि मग राजा पाळीव जनावरांकडे वळतो. शेळी, मेंढी आणि डुकरीण गाभण असेल किंवा पिल्लाला पाजत असेल तर तिला मारू नये, आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लूही मारू नये. आपल्या 2001च्या नियमाची हीच तीन कलमं आहेत, फक्त पिल्लाचं वय सहा महिन्यांवरून तीनवर आलं आहे. हा लेख वाचता आला तो 1837मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडल्यावर. मधल्या काळात अक्षरं वाचणारं कुणी उरलं नव्हतं, पण त्यातली जाण मात्र पुसली गेली नव्हती. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या परिसरात देवटेक इथं जी शिळा सापडली, तिच्यावरच्या जुन्या ब्राह्मी लेखातही प्राणी पकडण्या-मारण्याला मनाई आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या शिळेचा अभ्यास केला होता.

कौटिल्य अशोकासारखा हळवा नाही. त्याच्या अर्थशास्त्रात कत्तलीवर देखरेख करणारा सूनाध्यक्ष हा रीतसर सरकारी अधिकारी आहे. मांस ताजं असावं, वजनात खोट नसावी, हे तो पाहतो. त्या व्यवहारी प्रकरणातसुद्धा वासरू, वळू आणि दुभती गाय मारणाऱ्याला 50 पण दंड सांगितला आहे, आणि हाल करून मारणाऱ्यालाही तेवढाच. त्याच्याही आधी, शतपथ ब्राह्मणात एक अवघड प्रसंग आलेला आहे. सोमयागाच्या शेवटी वांझ म्हणून अर्पण केलेली गाय गाभण निघाली तर काय करायचं? त्यासाठी प्रायश्चित्ताचा वेगळा विधी दिला आहे. ज्या समाजाला यज्ञातला पशुवध मान्य होता, त्यालाही इथं काहीतरी बिघडलं आहे असं वाटलं आणि ते निस्तरावंसं वाटलं. वांझ समजलेली मादी गाभण निघणं हा प्रसंग अडीच-तीन हजार वर्षांत बदललेला नाही. आजही कत्तलखान्यात नेमकं हेच घडतं.

ही जाण एकट्या भारताची नाही. ज्यूंच्या तोराहच्या लेवीय नावाच्या ग्रंथात गाय किंवा मेंढी आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी मारायला मनाई आहे. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस तिचं कारण सांगताना म्हणतो की पिल्लासाठी तुटणारं आईचं काळीज बुद्धीवर अवलंबून नसतं, म्हणून त्या बाबतीत माणूस आणि जनावर यांत भेद नाही. इस्लामी धर्मशास्त्रात आईच्या जिबहमध्ये, म्हणजे विधिवत कापण्यात, पोटातल्या जिवाचं जिबह आलं का, यावर मोठी चर्चा आहे. बहुतेक इमामांनी ते आलं असं मानलं. इमाम अबू हनीफा यांनी मानलं नाही. त्यांच्या लेखी पोटातला जीव हा स्वतंत्र जीव होता. आणि विण्याच्या बेतात आलेलं जनावर कापणं हनफी परंपरेत मक्रूह, म्हणजे टाळण्याजोगं, मानलं गेलं. उलट टोकाचं उदाहरण रोमचं आहे. तिथं दरवर्षी 15 एप्रिलला भूमिदेवतेला मुद्दाम गाभण गायींचा बळी देत, पेरलेलं शेत भरभरून यावं म्हणून. पण तिथंही गाभण गाय ही इतर गायींसारखी नव्हती. तिच्यात काहीतरी अधिक आहे हे रोमनांनाही ठाऊक होतं. त्या अधिकाचं काय करायचं, एवढ्यावरच मतभेद होते.

यातलं एकही शास्त्र मांसाहार बंद करायला निघालेलं नव्हतं. म्हणून मला त्यांचं मोल जास्त वाटतं. जो समाज मारतच नाही त्याला ही मर्यादा आखावीच लागत नाही. जो मारतो आणि तरी एका ठिकाणी हात आवरतो, त्याला आपण काय करतो आहोत याचं भान असतं. कत्तल चालते तर मग गाभणीचं एवढं काय, भाकड म्हशीचा जीव जीव नाही का, असं विचारणारे मांसाहाराच्या बाजूनंही आहेत आणि विरोधातही. भाकड म्हशीचा जीव उणा नाही, हे मान्यच आहे. पण सगळं थांबत नाही म्हणून काहीच थांबवू नये, हा युक्तिवाद आजवर फक्त क्रौर्याच्या कामी आला आहे. मर्यादा आखली की तिच्या अलीकडच्या कृतीलाही जाब द्यावा लागतो.

आता अलीकडे येऊ. जर्मनीत 1 सप्टेंबर 2017पासून गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात असलेलं जनावर कत्तलीसाठी देणं बेकायदेशीर आहे. रोगराईसारख्या कारणांचे अपवाद आहेत. त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी एक अहवाल दिला. युरोपीय संघात कत्तल होणाऱ्या दुभत्या गायींपैकी सरासरी 3 टक्के, मांसासाठी पाळलेल्या गुरांपैकी 1.5 टक्के, मेंढ्यांपैकी 0.8, डुकरांपैकी 0.5 आणि शेळ्यांपैकी 0.2 टक्के जनावरं या शेवटच्या टप्प्यात असतात, असा त्यांचा अंदाज होता. जिथं गोठ्यातल्या प्रत्येक गायीची नोंद कागदावर असते तिथली ही स्थिती आहे.

याच अहवालात एक अवघड प्रश्न हाताळला आहे. आईचा गळा चिरल्यावर पोटातल्या जिवाला काय कळतं? शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात वेदना जाणवण्यासाठी लागणारी मज्जासंस्था तयार झालेली असते, याबद्दल तज्ज्ञांना जवळपास खात्री होती. पण ती यंत्रणा जागी असते का? न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड मेलर यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं. त्यांच्या मते गर्भ पोटात असेपर्यंत झोपेसारख्या अवस्थेत असतो. आतली ऊब, रक्तातला कमी प्राणवायू, वारेतून येणारी काही रसायनं त्याला त्या अवस्थेत ठेवतात. बाहेर येऊन पहिला श्वास घेतल्यावर तो जागा होतो. युरोपीय तज्ज्ञांनीही हीच शक्यता जास्त मानली, पण दुसरी शक्यता साफ नाकारली नाही. यातून निघणारी व्यावहारिक सूचना वाचताना अंगावर काटा येतो: पोट घाईनं फाडू नका, गर्भ आतच राहू द्या, त्याला श्वास घेऊ देऊ नका. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत आईचा गळा कापल्यावर लगेच गर्भ बाहेर काढू नये असं सांगितलं आहे, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या दहा टक्के काळात मादीची ने-आणही करू नये आणि कत्तलही करू नये, असंही.

हे शास्त्र मला आदरणीय वाटतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकावासा वाटत नाही. गाभण मादीला अभय द्यायचं ते फक्त गर्भाला दुखतं म्हणून असेल, तर उद्या गर्भ शंभर टक्के निद्रिस्त असतो असं सिद्ध झाल्यावर ते अभय काढून घ्यावं लागेल. माझ्या लेखी त्याचा पाया दुसरीकडे आहे. पाळीव जनावराचं गाभण राहणं ही बहुतेक वेळा आपलीच करणी असते. आपण तिच्या माजावर डोळा ठेवतो, वळूकडे नेतो किंवा रेतन करणाऱ्याला बोलावतो, उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, म्हणून सुस्कारा टाकतो आणि पुढच्या वेताचा हिशेब मांडतो. एका जिवाची सुरुवात आपण हट्टानं करून घेतलेली असते. सोय संपली म्हणून ती मध्येच मोडायची मुभा स्वतःला देणं, हा विश्वासघात आहे. मग गर्भाला त्याची जाणीव असो वा नसो. आणि जिला सगळं जाणवतं, ती आई तर जागी असतेच. जड पोटानं ट्रकच्या हिंदकळत्या हौद्यात तासन् तास उभं राहणं, गर्दीत पोटावर धक्के खाणं, हे तिच्या वाट्याला येतं.

या गर्भाचा बाजारही मांडला गेला आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी 1950च्या दशकाच्या अखेरीपासून वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम वापरतात. गाभण गाय कापली गेली की गर्भाच्या हृदयात सुई घालून ते रक्त काढलं जातं. लसींचं संशोधन, कर्करोगाचे अभ्यास, इतकंच काय, प्राणी न मारता मांस पिकवण्याचे पहिले प्रयोगही याच द्रवावर झाले. आता त्याशिवाय पेशी वाढवण्याचे मार्ग सापडत आहेत आणि ते झटपट पसरायला हवेत. जी चूक अपघातानं घडते म्हणून आपण हळहळतो, तिच्यावर एखादा उद्योग उभा राहिला की ती चूक थांबावी असं वाटणारी माणसं कमी होत जातात.

कागदावर पाहिलं तर भारताचा नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहे. जर्मनीत शेवटचा तिसरा हिस्सा, जागतिक संहितेत शेवटचे दहा टक्के, आपल्याकडे मात्र गर्भारपणाचा कुठलाही दिवस. म्हशीचे साडेदहा महिने धरले तर जर्मन मोजणीनं साडेतीन महिने संरक्षण मिळेल, आपल्या मोजणीनं पहिल्या दिवसापासून. पण पहिल्या महिन्यातलं गाभणपण डॉक्टरच्या हाताला लागत नाही, आणि शेळीचं तर पुढेही बराच काळ लागत नाही. जे ओळखता येत नाही त्याला मनाई केली की ती मनाई शोभेपुरती उरते. शिक्षेचंही तेच. या कायद्याखालचे नियम मोडल्यास दंड जास्तीत जास्त 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 साली 100 रुपयांना वजन होतं. आज त्या पैशात म्हशीची एका दिवसाची वैरणही येत नाही.

महाराष्ट्रात 2015पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. त्यामुळे हा प्रश्न इथं मुख्यतः म्हैस, शेळी, मेंढी आणि डुकरीण यांचा उरतो. गायीबद्दल आपल्या सार्वजनिक जीवनात जेवढा आवाज उठतो त्याच्या शतांशानंही म्हशीबद्दल उठत नाही. ती मुकाट्यानं राज्याच्या दुधाचा मोठा वाटा देते आणि मुकाट्यानं जाते.

ती गाभण असताना कत्तलखान्यापर्यंत पोचते कशी? म्हशीचा माज अनेकदा मुका असतो. ती ओरडत नाही, लक्षणं ठळक दाखवत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मालकाला वाटतं, ही काही आता राहत नाही. तोवर चरायला गेलेली असताना एखाद्या रेड्यानं तिला फळवलेलं असतं आणि ते कुणालाच ठाऊक नसतं. दुसरं कारण आणखी दुखरं आहे. विण्याच्या आधी दोनेक महिने म्हैस आटवतात, म्हणजे तिचं दूध बंद करतात, पोटातल्या रेडकाला आणि तिच्या कासेला विसावा मिळावा म्हणून. त्या काळात ती खाते भरपूर आणि देत काहीच नाही. हिशेबाच्या वहीत भाकड म्हैस आणि आटलेली गाभण म्हैस दोन्ही सारख्याच दिसतात. बरं वर्ष असेल तर विण्याच्या बेतातल्या म्हशीला बाजारात चांगला भाव येतो. पण 2012-13सारखा दुष्काळ पडला, कडबा परवडेनासा झाला, टँकरचं पाणी माणसांना पुरेना, की आठवडी बाजारात तिला गिऱ्हाईक फक्त हेड्याचं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याचं, उरतं. तो वजन बघतो. पोट कशानं भरलं आहे हे विचारायचं त्याला कारण नसतं, आणि विकणाऱ्याला सांगायचं बळ नसतं.

पुढं समजा, डॉक्टरनं तिला कत्तलखान्याच्या दारात ओळखलं आणि नाकारलं. कायद्याचं काम तिथं चोख झालं. पण ती जाते कुठं? मालक शंभर-दोनशे कोसांवर आहे, पैसे घेऊन मोकळा झालेला. व्यापाऱ्याला तिला दोन महिने पोसण्यात रस नाही. तपासणी कमी आहे अशा दुसऱ्या दाराकडे तिचा प्रवास सुरू होतो, किंवा विनापरवाना कापणाऱ्याच्या आडोशाला. दारातला नकार तिला वाचवत नाही, तिचे हाल तेवढे लांबवतो. याचा दोष त्या डॉक्टरच्या हाताला देता येत नाही. सगळे निर्णय आधीच होऊन गेल्यावर शेवटच्या माणसाकडे ‘नाही’ म्हणण्याचं काम सोपवलं आहे.

जर्मन कायद्यातली एक गोष्ट इथं उचलण्याजोगी आहे. तिथली मनाई कापणाऱ्यावर नाही, कत्तलीसाठी जनावर देणाऱ्यावर आहे. ज्याच्या गोठ्यात ती वाढली, ज्याला तिचा माज आणि रेतनाची तारीख ठाऊक आहे किंवा असायला हवी, जबाबदारी त्याची. त्या कायद्याची उणीवही दिसते: शेळ्या-मेंढ्यांना त्यानं वगळलं आहे. अशोकानं नेमकी शेळी आणि मेंढीच आधी घेतली होती. सोनोग्राफी त्याच्याकडे नव्हती, पण कोणाला सर्वांत कमी विचारलं जातं हे त्याला दिसत होतं.

दिल्लीच्या त्याच स्तंभावर, आणि फक्त त्याच स्तंभावर, सातवा लेख आहे. त्यात अशोक आपल्या आयुष्यभराच्या कामाचा ताळेबंद मांडतो. लोकांमध्ये धर्म दोन वाटांनी वाढतो, असं तो सांगतो: नियमांनी आणि समजावण्यानं. नियमाचं उदाहरण म्हणून तो अमुक प्राणी अवध्य ठरवल्याच्या आज्ञेचाच उल्लेख करतो, आणि मग मान्य करतो की नियमांचा उपयोग थोडा, समजावण्याचा मोठा. ज्यानं फर्मान काढलं त्यानंच फर्मानाची उंची मोजून दाखवली.

पण समजावायचं म्हणजे नुसता उपदेश करायचा नाही. कडबा संपलेल्या घरासमोर करुणेची प्रवचनं देणं हा उद्धटपणा आहे. त्या घराला गाभण म्हैस ठेवणं शक्य होईल अशी व्यवस्था करणं, हेच खरं समजावणं. ती व्यवस्था आवाक्याबाहेरची नाही. जनावरांच्या कानात आज 12 आकडी बिल्ला असतो, त्याच्यावर रेतनाची नोंद होऊ शकते. बाजारात मादी विकायला काढण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची गर्भतपासणी फुकट आणि सक्तीची करता येईल. शेळ्यांसाठी गावोगाव फिरणारं सोनोग्राफीचं यंत्र ठेवता येईल. चारा छावण्यांत पहिला हक्क गाभण आणि नुकत्या व्यालेल्या जनावरांचा ठरवता येईल. कत्तलखान्याच्या दारात नाकारलेली मादी विईपर्यंत सांभाळायला जागा आणि पैसा ठेवता येईल. तो खर्च महापालिकेनं कत्तलीच्या शुल्कातून उचलावा. आणि मांस खाणाऱ्यांनीही आपण घेतो ते कुठून आलं, तपासून आलं का, हे विचारायची सवय लावून घ्यावी. शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही. तो पितो ते दूध मिळण्यासाठी म्हैस दर वेताला गाभण राहावी लागते, आणि दूध आटल्यावर तिचं काय होतं हा प्रश्न त्याच्याही दारात उभा असतो.

मादी विण्याआधी मारू नये, एवढं साधं म्हणणं पाळायला आपल्याला धर्म कमी पडलेला नाही, शास्त्र कमी पडलेलं नाही आणि कायदाही कमी पडलेला नाही. कमी पडली आहे ती तिच्या दोन महिन्यांच्या वैरणीची जबाबदारी घ्यायची तयारी. ती घ्यायची ठरवली, तर कत्तलखान्याच्या दारातल्या डॉक्टरला फार थोड्या मादींना ‘नाही’ म्हणावं लागेल.